अर्ध्या टाकीचे भाऊजी

डिझेलच्या थेंबाला पोटच्या लेकरासारखं जपणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहतात. घरची कपाशी आहे, तूर-सोयाबीन आहे आणि दारात एक जुनी जीप आहे. त्यांना कोणी कंजूष म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. म्हणजे मनातल्या मनात भांडेन, तोंडाने भांडणं मला कधी जमलं नाही. पंगतीत वरणावर तूप वाढणाऱ्याचा हात आखडला तर भाऊजी स्वतः उठून तुपाचं भांडं हातात घेतात. वेचायला आलेल्या बायांच्या चहात साखर घालताना ते चमच्याकडे पाहत नाहीत. पण जीपची किल्ली हातात आली की हाच माणूस वेगळा होतो. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर आधी इंजिन बंद, मग रामराम. घर सपाटीवर आहे म्हणून त्यांनी अंगणात मुरमाचा एक उंचवटा करून घेतला आहे. संध्याकाळी जीप त्या उंचवट्यावर ठेवायची, म्हणजे सकाळी नुसती सोडली की घरंगळत सुरू होते. आता चढवायला डिझेल लागत नाही का, असं मी एकदा ताईला हळूच विचारलं. ताई म्हणाली, "म्या इचारलं होतं बाई. तवापासून आमीच ढकलून चढोतो."

जीपमधल्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. काटा म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची बातमी, असं ते म्हणतात. त्यांच्याजवळ कडुनिंबाची एक सरळ काडी आहे. चालवणाऱ्याच्या सीटखाली टाकी आहे. सीट उचलायची, झाकण काढायचं, काडी बुडवायची आणि ओली खूण पाहायची. काडीच्या मधोमध एक लाल दोरा बांधलेला आहे. ओल त्या दोऱ्यापर्यंत उतरली की भाऊजी असतील तिथून गाडी परत वळवतात. "जायले जेवढं लागते तेवढंच यायले लागते," हे त्यांचं बोलणं. "दुनिया फक्त जायचं धरते अन् मंग रस्त्यात डबा घेऊन फिरते." डिझेल ते दारव्ह्याच्या एकाच ओळखीच्या पंपावर भरतात, परगावच्या पंपावर भरत नाहीत. त्यामुळे घरून भरलेली टाकी हीच त्यांची दुनिया, आणि लाल दोरा ही त्या दुनियेची अर्धी वाट. एकदा एका लग्नाला निघाले होते. वाटेत दोन ठिकाणी रस्ता चुकला, लग्नाचा मांडव समोर दिसत होता, बँड ऐकू येत होता, आणि दोरा आला. भाऊजींनी नवरदेवाला लांबूनच हात केला आणि गाडी वळवली. ताई अजून म्हणते की त्या लग्नातली जिलेबी तिने वासावर खाल्ली.

अशा माणसाला वैशाखात सहलीला जायची बुद्धी झाली, त्याला कारणही त्यांच्याच स्वभावातलं होतं. त्यांना परक्या खाटेवर झोप येत नाही. लॉजच्या उशीला दुसऱ्याच्या डोक्याचा वास येतो म्हणतात. म्हणून त्यांनी भंगारवाल्याकडून पाण्याच्या टाकीची एक मोडकी दोनचाकी ट्रॉली आणली, तिच्यावर लोखंडी सांगाडा जोडून घेतला, पत्रा मारला, आत दोन फळ्यांची बाकं, एक लहान गॅस, आणि जुन्या बसची एक काचेची खिडकी. ही घरगाडी जीपच्या मागे जोडायची आणि जिथे सांज होईल तिथे आपल्याच घरात झोपायचं. पहिल्यांदा केली तेव्हा तिच्यात माणूस उभा राहू शकत होता. पण दारव्ह्यापर्यंत ओढून पाहिली तर वारा अडतो आणि काडी लवकर सुकते असं भाऊजींच्या ध्यानात आलं. ते आल्या पावली परत वेल्डिंगवाल्याकडे गेले आणि छत कापून खाली बसवून आणलं. आता आत रांगतच जावं लागे. ताई म्हणाली, "घर म्हन्ता अन् उभं राह्याची सोय नाई." भाऊजी म्हणाले, "घरात माणूस बसतेच. उभं राह्याले आंगण आहे."

जायचं होतं चिखलदऱ्याला. ताईने होकार द्यायला एवढासाही वेळ लावला नाही, याचं भाऊजींना नवल वाटलं. त्याचं कारण फक्त मला ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गावातल्या शाळेच्या मास्तरीणबाई उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन आल्या होत्या, आणि विहिरीवर सहज बोलून गेल्या की तिथे मे महिन्यात पहाटे गोधडी घ्यावी लागते. आमच्याकडे त्या दिवसांत अंगणात पाणी शिंपडून, ओलं पातळ अंगावर टाकून झोपायचं, आणि वीज गेली की पंख्याकडे पाहत जागायचं. मे महिन्यात गोधडी, ही गोष्ट ताईच्या मनात जाऊन बसली ती निघालीच नाही. आमची चौथी झाल्याबरोबर दोघींच्या शाळा सुटल्या, तेव्हापासून ताईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. ती मला म्हणाली, "एक रात, बाई. वैशाखात गोधडी घेऊन निजायचं. सकाळी कोनं उठवायचं नाई." भाऊजींना सांग म्हटलं तर मान हलवली. "सांगितलं तं हासतीन. म्हंतीन, पाण्याच्या टाक्यात जाऊन निज."

मी राळेगावकडे दिलेली. मला सोबत न्यायचं ठरलं, आणि माझ्या यजमानांना नाही, तेही वजनावरून. भाऊजींनी फोनवर सरळ विचारलं, "तुमचे मालक आता किती भरतात?" शेजारी बसून ऐकणारे यजमान हसत म्हणाले की मी तुमच्या जीपपेक्षा थोडा कमी आहे. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, "मंग पुढच्या खेपेले." निघायच्या आदल्या दिवशी कडुनिंबाच्या फांदीला कापूस मोजायचा काटा टांगला गेला. वेचणीचा कापूस ज्या धोतरात बांधून त्या काट्याला अडकवतात, त्याच धोतरात आमचं सामान बांधून मोजलं गेलं. तवा चालला, पण पाटा परत गेला. ताईची तांब्याची कळशी परत गेली, प्लास्टिकची आली. मग भाऊजींनी धोतर झटकलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. मी पदर तोंडात धरून म्हटलं की मी घरूनच मोजून आले आहे. ते खोटं होतं, पण त्यांनी मान्य केलं. शेवटी ताईने गोधडी आणली. आमच्या आईच्या लुगड्यांची, जाड, दुहेरी शिवलेली. काटा खाली गेला तो थांबेचना. भाऊजी म्हणाले, "अवं, वैशाखात गोधडी कायले? लोकं पागल म्हंतीन." ताईने काट्याची गाठ सोडली. गोधडी खांद्यावर टाकली आणि घरात गेली.

सकाळी झुंजूमुंजू होताच निघालो. भाऊजींचा पहिला नियम तोच: ऊन चढायच्या आत जेवढी वाट तुटेल तेवढी तोडायची. थंड हवेत इंजिन खूश राहते, वारा पडलेला असतो, आणि रस्त्यावर ब्रेक मारायला कोणी नसतं. "सकाळचा घंटा म्हणजे फुकटचं डिझेल," असं ते म्हणतात, आणि तो तास वाया घालवणाऱ्या माणसाकडे ते दूध सांडणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. निघताना त्यांनी सहाही चाकांची हवा स्वतः तपासली. चाक मऊ असलं की गाडी चालत नाही, रांगते, हाही नियमच. मी मागच्या सीटवर बसले आणि माझं डोकं जीपच्या टपाला लागलं. खाली हात लावून पाहिला तर चादरीखाली काहीतरी जाड, ओळखीचं लागलं. समोर बसलेल्या ताईने मागे वळून पाहिलं नाही. भाऊजींनी मात्र आरशात पाहून विचारलं, "बाई, तुमी थोड्या उंच झाल्या काय?" मी नुसती मान खाली घातली. त्याने डोकं टपाला लागायचंही थांबलं.

आम्ही इतक्या हळू चाललो होतो की एक सायकलवाला आमच्या बरोबरीने बराच वेळ गप्पा मारत आला, आणि मग त्याला उशीर होतो म्हणून पुढे निघून गेला. कारंज्याच्या अलीकडे भाऊजींना कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुशाने, भरलेला एक ट्रक दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. मोठ्या गाडीच्या मागे राहिलं की वारा ती अंगावर घेते आणि आपण आरामात जातो, हा त्यांचा शोध. त्यांनी ट्रकची पाठ धरली. वारा लागत नव्हता हे खरं, पण उडणारं कुटार लागत होतं. ताईच्या भुवया पिवळ्या झाल्या. ती म्हणाली, "अंतर सोडा थोडं. पुढच्यानं ब्रेक मारला तं?" भाऊजी म्हणाले, "सोडलंच आहे. ह्यापेक्षा जास्त सोडलं तं वारा आत घुसते." ट्रक वळला, आम्ही वळलो. ट्रक हळू झाला, आम्ही हळू झालो. रस्ता कच्चा झाला तरी भाऊजींची नजर ट्रकच्या पाठीवरून हलली नाही. शेवटी ट्रक थांबला तेव्हा आम्ही एका अनोळखी शेतकऱ्याच्या गोठ्यापुढे उभे होतो आणि दोन बैल आमच्याकडे पाहत होते. ट्रकवाला उतरून आला. म्हणाला, "काका, तुमीही कुटारच घ्याले आले काय?" भाऊजी खाली उतरले, गोठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "नाही. तुमच्यामागं लय बरं वाटून राह्यलं होतं."

घरधनीण बाहेर आली. दारात आलेला माणूस चुकून आला का मुद्दाम, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. चहा झाला. निघताना तिने ताईला आणि मला कुंकू लावलं, गव्हाने ओटी भरली, आणि घरगाडीत वांग्यांची एक टोपली ठेवली. इथून भाऊजींच्या हिशेबाला जी गळती लागली ती लागलीच. त्यांनी वाट मुद्दाम नातेवाइकांच्या गावांवरून आखली होती, म्हणजे गाडी उभी करायला सावली आणि जेवण दोन्ही घरचंच. त्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, की आपल्या लोकांत पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, आणि पाहुण्यामागे पत्र्याची एवढी मोठी गाडी रिकामी दिसली तर मुळीच नाही. कारंज्याला त्यांच्या आत्याने तुरीच्या डाळीचं पोतं आत सरकवलं. भाऊजी म्हणाले, "आत्याबाई, आमच्या घरीच तूर आहे." आत्याबाई म्हणाल्या, "तुही तूर तुह्या घरी. हे माह्यं आहे." दर्यापूरला बहिणीकडे गेलो तर तिने ज्वारी, दोन कोहळे, लोणच्याची बरणी आणि ताईसाठी एक पाटाच दिला, कारण ताई बोलता बोलता म्हणाली होती की आमचा पाटा घरी राहिला. भाऊजींनी ओटी भरणाऱ्या बहिणीला हात जोडून सांगून पाहिलं, "कुंकवावरच भागव व. गहू ह्या दोघीले पचत नाई." बहिणीने त्यांच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. पुढे परतवाड्याकडे जाताना घरगाडी मागे पूर्वी खडखडायची ती खडखडेनाशी झाली. भाऊजी हे ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम येत होता.

परतवाडा मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. वर डोंगर निळा दिसत होता. तिथे एक चहाची टपरी होती. भाऊजींनी तिच्या सावलीत जीप उभी केली, सीट उचलली, काडी बुडवली. बाहेर काढून पाहिली, धोतराला पुसली, पुन्हा बुडवली. ओल लाल दोऱ्यावर होती.

ताई डोंगराकडे पाहत बसली होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि चेहरा तसाच साधा ठेवला, जसा त्या लग्नाच्या मांडवासमोर ठेवला असेल. मला वाटलं आता किल्ली फिरेल आणि डोंगर आमच्या पाठीशी जाईल. पण भाऊजींचा हिशेब जुळत नव्हता, आणि हिशेब जुळल्याशिवाय त्यांना परतही जाववत नव्हतं. "डाळ धरली, ज्वारी धरली, पाटाही धरला," ते पुटपुटले. "तरीबी डिझेल एवढं कमी होऊ नाही. गाडीत अजून काहीतरी आहे." त्यांनी घरगाडीतलं सगळं सामान एकेक करून टपरीच्या बाकड्यावर काढलं. टपरीवाला म्हणाला, "काका, दुकान लावता काय?" मग ते जीपकडे आले. सीटखाली पाहिलं, पत्र्यावर ठोकून पाहिलं, आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, जरासं उठता काय?"

मी उठले. चादर सरकली.

भाऊजींनी गोधडी बाहेर ओढली. ती दोन्ही हातांवर घेऊन उभे राहिले, काट्यावर तोलावी तशी. म्हणाले, "हे कायले आणली व?"

ताईने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मले वैशाखात गोधडी घेऊन निजायचं होतं," ती म्हणाली. "वरती थंडी राह्यते म्हंतात. एक रात निजून पाहू म्हटलं."

"मंग सांगाचं नाही काय?"

"सांगितलं असतं तं काट्याले लावली असती."

"लावलीच होती."

"तेच तं."

टपरीवाल्याचा चहा उतू गेला. भाऊजी गोधडी हातात घेऊन डोंगराकडे वळले. घाटाची वळणं कुठे कुठे झाडांतून दिसत होती. त्यांचे ओठ हलत होते. मग ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "चढायले लागते तेवढं उतरायले लागत नाई. इथं तं दोरा खाली बांधायले पाह्यजे होता." एवढं बोलून ते गोधडी जीपमध्ये परत ठेवून मागे गेले आणि घरगाडीचा खटका काढू लागले. मला समजेना. ज्या घरगाडीपायी त्यांनी सारा चैत्र वेल्डिंगवाल्याकडे घालवला, तिला त्यांनी ढकलत टपरीच्या मागे नेलं आणि चाकांना दगड लावले. डाळ, ज्वारी, कोहळे, पाटा, सगळं तिच्यात ठेवून वांगी टपरीवाल्याला देऊन टाकली. ताई म्हणाली, "अन् झोपायचं कुठी? तुमाले तं लॉजमधी नीज येत नाई."

"जीपमधी. मागची सीट तुमा दोघीची."

"अन् तुमी?"

"मी समोर बसतो. मले थंडी पाह्याची आहे."

हलकी जीप घाट कशी चढली ते काय सांगू. भाऊजी पहिल्यांदा गाणं गुणगुणत होते. मध्येच एका चढावर त्यांच्या जुन्या सवयीने उचल खाल्ली आणि ते म्हणाले, "बाई, तुमी इथं उतरून जरा पायी..." ताईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. "बसा, बसा," ते म्हणाले.

वर पोचलो तेव्हा हवा अंगाला लागली. ती वेगळीच होती, धुतलेल्या पातळासारखी. आम्ही दर्यापूरहून बांधून आणलेली भाकर खाल्ली. ताईने मागच्या सीटवर गोधडी पसरली आणि लहान मुलीसारखी तिच्यात शिरली. अर्धी गोधडी तिने माझ्या अंगावर टाकली. आईच्या लुगड्याचा वास अजून गोधडीला येत होता, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. मला झोप लागण्याआधी भाऊजींचा आवाज आला, "लागून राह्यली काय व थंडी?" ताईने गोधडीतूनच उत्तर दिलं, "भल्ली."

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडत होतं. भाऊजी बाहेर होते. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हात काखेत, जीपच्या भोवती फेऱ्या मारत होते. नाक लाल झालं होतं. मला वाटलं निघायची घाई आहे. त्यांचा सकाळचा घंटा होता तो. मी ताईला हलवायला हात पुढे केला तर त्यांनी बाहेरूनच हाताने नको म्हटलं. मी गुपचूप खाली उतरले. ताई झोपली होती. कोंबडा आरवायच्या आत उठणारी माझी बहीण, तोंडावर गोधडी ओढून झोपली होती. सूर्य डोंगरावर आला, दरीतलं धुकं विरलं, शेजारी उभ्या असलेल्या गाड्या एकेक करून सुरू झाल्या आणि निघून गेल्या. थंड वेळ सगळी निघून चालली होती. भाऊजींनी एकदा घड्याळ पाहिलं आणि मग ते हातातून काढून खिशात ठेवून दिलं. एक गाडीवाला आमच्याजवळ येऊन जोरात हॉर्न वाजवणार तेवढ्यात ते धावत गेले आणि खिडकीवर हात ठेवून म्हणाले, "हळू भाऊ. घरचं माणूस निजलं आहे."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. भाऊजींची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. जीप विकली गेली. मुरमाचा उंचवटा अजून अंगणात आहे, त्यावर ताईने तुळस लावली. आता जीपच्या जागी देव वर बसतो. घरगाडी कडुनिंबाखाली उभी आहे, तिच्या खिडकीतून कोंबड्या येतात-जातात. मागच्या वैशाखात मी गेले होते तेव्हा ताईने गोधडी उन्हात घातली होती आणि भाऊजी पायपंप घेऊन घरगाडीच्या चाकात हवा भरत होते. हाताने चाचपून चाक पाहायचे, पुन्हा पंप मारायचे.

ताई ओट्यावरून म्हणाली, "आवो, उभ्या गाडीत कायले हवा भरता?"

भाऊजींनी पंप थांबवला नाही. म्हणाले, "चाक मऊ राह्यलं तं ऐनवेळी जड जाते."